दोन मिनिटांची भीती

संपूर्ण चित्रपट तयार करायचा नाही. त्याची केवळ सुरुवात तयार करायची. तीही श्रेयनामावलीसह आणि जास्तीत जास्त दोन मिनिटांची. ब्रिटनमध्ये 'ए लेव्हल'ला, म्हणजे आपल्याकडील अकरावी-बारावीच्या समकक्ष वर्गांत, 'मीडिया स्टडीज' हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासून सुमारे दशकभर जी प्रात्यक्षिके ठेवली, त्यांपैकी हे एक. चित्रपटाचा प्रकार निवडण्याची मुभा विद्यार्थ्यांना होती. तरीही वर्षानुवर्षे त्यांचा ओढा राहिला तो भयपट आणि थरारपट यांच्याकडेच. कारण उघड आहे. प्रेमकथेला चांगले नट लागतात, विनोदाला चांगले लेखन लागते. भीतीला मात्र एक रिकामे घर आणि एक बंद दार पुरते, असा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

या प्रात्यक्षिकाला १०० गुण होते. त्यांपैकी ६० गुण प्रत्यक्ष चित्रफितीला, २० गुण संशोधन व नियोजनाला आणि २० गुण काम संपल्यावर लिहावयाच्या मूल्यमापनाला. एका गटात चारपर्यंत विद्यार्थी चालत. मुख्य कामाआधी एक छोटा सराव सक्तीचा असे : एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या व्यक्तीसमोर खुर्चीवर बसते आणि दोघांत एक-दोन वाक्यांची देवाणघेवाण होते. ऐकायला हे हास्यास्पद सोपे वाटते. पण दाराबाहेरून घेतलेल्या दृश्यात हात मुठीवर जिथे पोहोचला, दाराच्या आतून घेतलेल्या दृश्यात तो तिथूनच पुढे सरकला पाहिजे. आणि समोरासमोर बसलेल्या दोघांमधून एक काल्पनिक रेषा आखली, तर कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. ही रेषा ओलांडली की दोघे एकमेकांकडे नव्हे, तर एकाच दिशेला पाहत आहेत असे भासते. चित्रपटसृष्टीत याला '१८० अंशांचा नियम' म्हणतात. ज्या गटाने हा सराव कंटाळून उरकला, त्या गटाच्या भयपटात मुलगी डावीकडे पळते आणि पाठलाग करणारा उजवीकडे, असे हमखास घडते.

२०१७ मध्ये ब्रिटनमधील हा अभ्यासक्रम बदलला. प्रात्यक्षिकांचा वाटा निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आला आणि गटाऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र काम करणे भाग पडले. तरीही जुन्या प्रात्यक्षिकाची चौकट लघुपट करू पाहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला, आपल्याकडील मास मीडियाच्या विद्यार्थ्यालासुद्धा, आजही उपयोगी पडावी अशी आहे.

सुरुवात म्हणजे ट्रेलर नव्हे

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे दोन मिनिटांत सगळेच सांगून टाकण्याचा मोह. मुलगी जंगलातून धावते, अडखळून पडते, मागून मुखवटाधारी येतो, किंकाळी, रक्त, अंधार. यानंतर प्रेक्षकाने उरलेला दीड तास का थांबावे, याचे उत्तर त्या चित्रफितीत नसते. ट्रेलर संपूर्ण चित्रपटातील तुकडे वेचून दाखवतो. सुरुवात मात्र एका जागी, एका वेळी, सावकाश उलगडते. तिने प्रश्न निर्माण करायचा असतो, उत्तर द्यायचे नसते.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज'ची (१९७५) सुरुवात या दृष्टीने वारंवार पाहण्याजोगी आहे. रात्रीच्या समुद्रात पोहणारी तरुणी एकाएकी खाली ओढली जाते. शार्क दिसतच नाही. दिसते ते फक्त तिचे शरीर पाण्यात इकडून तिकडे फेकले जाणे, आणि त्यासाठी तिला दोरांनी ओढण्यात आले होते. पुढे चित्रीकरणात यांत्रिक शार्क सतत नादुरुस्त होत राहिला आणि त्याला पडद्यावर कमीत कमी आणणे भाग पडले. अडचणीतून चित्रपटाचेच भले झाले.

जॉन कारपेंटरच्या 'हॅलोविन'चे (१९७८) उदाहरण विद्यार्थ्यांना अधिक जवळचे, कारण तो सुमारे तीन लाख डॉलरमध्ये, तीनेक आठवड्यांत तयार झाला. सुरुवातीला कॅमेरा म्हणजे कोणाची तरी नजर आहे. ती नजर घराभोवती फिरते, खिडकीतून डोकावते, स्वयंपाकघरातून सुरा उचलते, जिना चढते. खून होतो. मग मुखवटा उतरतो आणि समोर उभा असतो सहा वर्षांचा मुलगा. हे सारे एकाच सलग दृश्यासारखे भासते. प्रत्यक्षात त्यात जोड लपवलेले आहेत आणि पडद्यावर सुरा उचलणारे हात त्या मुलाचे नसून चित्रपटाच्या निर्मात्या डेब्रा हिल यांचे आहेत. पुढे वापरलेला खुन्याचा मुखवटा दुकानात मिळणारा स्वस्त मुखवटा होता, 'स्टार ट्रेक'मधील कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग फासण्यात आला. काटकसर कशी करावी याचा हा वस्तुपाठच.

हिंदीत राम गोपाल वर्मांचा 'कौन' (१९९९) पाहावा. एक घर, पाऊस, दाराची घंटा आणि अवघी तीन पात्रे. एवढ्या सामग्रीवर संपूर्ण चित्रपट उभा राहतो.

कागदावरचे काम

आल्फ्रेड हिचकॉकने धक्का आणि ताण यांतील फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या दृष्टान्ताने समजावला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पासुद्धा असह्य होतात. म्हणून कथाबीज लिहिताना विद्यार्थ्याने दोन रकाने आखावेत : प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, आणि पात्राला काय ठाऊक आहे. दोन्ही रकाने सारखेच भरले असतील, तर ताण निर्माण होणार नाही.

एक नमुना घेऊ. रिकाम्या घरातील जिन्याखालचा दिवा कोणाचा तरी हात विझवतो. बाहेर कुलपात किल्ली फिरते. सतरा वर्षांची मुलगी आत येते, तोच दिवा लावते, दप्तर टाकते आणि जिना चढते. ती वर पोहोचते न पोहोचते तोच खालचा दिवा विझतो. ती वळून पाहते, वैतागते आणि आईला मोबाइलवर संदेश लिहू लागते की नवा बल्ब आणायला हवा. तिच्या मागच्या खोलीत दिवा लागतो. चित्रपटाचे नाव.

येथे रक्त नाही, शस्त्र नाही, चेहराही एकच. घर एक, अभिनेत्री एक, हात एक. शिवाय ज्या दिव्यावर कथा फिरते तोच दिवा दृश्याला उजेडही पुरवतो. दोन मिनिटांसाठी अशी वीस-पंचवीस दृश्ये पुष्कळ झाली.

त्यानंतरचा टप्पा स्टोरीबोर्डचा. चित्रे सुबक नसली तरी चालतील. कॅमेरा कुठे आहे आणि चौकटीत काय आहे, एवढे कळले म्हणजे झाले. ही चित्रे मोबाइलवर टिपून संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावावीत, खाली कच्चा आवाज घालावा. याला 'अॅनिमॅटिक' म्हणतात. बहुतेकांना येथेच पहिला धक्का बसतो. वरच्या नमुन्यात किल्ली, दार आणि जिना एवढ्यावरच चाळीस सेकंद खर्च झालेले दिसतील. छाटणी करायची ती या टप्प्यावर. चित्रीकरण झाल्यावर छाटणी करताना जीव तुटतो आणि नेमके टाकायला हवे तेच ठेवले जाते.

अंधार दिसावा कसा

डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. भयपटासाठी हे वरदान वाटते. पण शाळा सुटेपर्यंत उजेड सरत आलेला असतो आणि दर दहा मिनिटांनी तो बदलतो. तीन संध्याकाळी मिळून घेतलेली दृश्ये जोडली की एका खिडकीत निळसर प्रकाश आणि दुसऱ्या खिडकीत मिट्ट काळोख, अशी विसंगती दिसते. उपाय साधा आहे. खिडक्यांवर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटवाव्यात आणि भर दिवसा 'रात्र' चित्रित करावी. दुसरे असे, की अंधाराचे चित्रण अंधारात होत नाही. साध्या कॅमेऱ्याला उजेड कमी मिळाला की चित्रावर दाणे उमटतात. थोडा प्रकाश एका बाजूने द्यावा, बाकी चौकट काळी ठेवावी. प्रेक्षकाला काळोख जाणवण्यासाठी त्यात काहीतरी उजळलेले दिसावे लागते.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने (२०१७) उसाच्या फडातून भीती उभी केली, हेही येथे आठवावे. उंच वाढलेल्या उसात चार पावलांपलीकडचे दिसत नाही, मग वर सूर्य असला म्हणून काय झाले? जागा नीट निवडली तर रात्रीचा हट्ट धरण्याचे कारण उरत नाही.

कानांना विसरू नये

विद्यार्थ्यांच्या चित्रफिती सर्वाधिक घसरतात त्या आवाजात. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन वारा, रहदारी आणि कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास सगळेच टिपतो. पावले, किल्ली, दिव्याचे बटण हे आवाज नंतर शांत खोलीत, मायक्रोफोन अगदी जवळ धरून स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावेत. ज्या खोलीत चित्रीकरण झाले, तेथील निव्वळ 'शांतता'ही मिनिटभर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन दृश्यांच्या जोडावर ती तुटली की कानाला खटकते.

'सायको'मधील (१९६०) स्नानगृहाच्या प्रसंगाचे दाखले सगळेच देतात. पण त्यात सुऱ्याचा आवाज खरबुजावर वार करून मिळवला होता आणि रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले होते, हे तपशील विद्यार्थ्याच्या अधिक कामाचे. या प्रसंगाला संगीत नकोच, असा हिचकॉकचा मूळ विचार होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर रचलेला तुकडा ऐकल्यावर त्याने मत बदलले. ओसीआरच्या नियमानुसार विद्यार्थ्यांना प्रसिद्ध संगीत उचलता येत नसे. स्वतःचे किंवा स्वामित्वहक्कमुक्त संगीतच चालत असे. या अटीविरुद्ध कुरकुर पुष्कळ होई, पण 'हॅलोविन'ची प्रसिद्ध धून स्वतः दिग्दर्शक कारपेंटरनेच रचली होती, एवढे तिच्या समर्थनार्थ सांगता येईल.

श्रेयनामावलीकडे बहुतेकजण शेवटच्या रात्री वळतात. तसे करू नये. अक्षरे कोठे येणार हे ठरले असेल तरच चौकटीत त्यांच्यासाठी जागा सोडता येते. डेव्हिड फिंचरच्या 'सेव्हन'साठी (१९९५) काइल कूपर यांनी केलेली श्रेयनामावली या क्षेत्रात मैलाचा दगड मानली जाते : खुन्याच्या वह्या, त्याची बोटे, खरवडलेली अक्षरे. तिचे अनुकरण इतके झाले आहे, की वहीत कात्रणे चिकटवणारे हात दिसले की पुढचे पाहण्याची इच्छाच मावळते.

खोटा सुरा, खरे पोलीस

हा भाग गमतीचा नाही. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी सुरा बाळगणे हा गुन्हा आहे आणि नकली बंदुकीलाही कायद्याने तशीच बंदी आहे. उद्यानात किंचाळणारी मुलगी आणि तिच्यामागे शस्त्र घेऊन धावणारा मुखवटाधारी लांबून पाहणाऱ्याला कॅमेरा दिसतोच असे नाही. तो पोलिसांना बोलावतो, आणि येणारे पोलीस समोरचे शस्त्र खरे समजूनच येतात. म्हणून जागेच्या मालकाची परवानगी, स्थानिक पोलिसांना पूर्वसूचना, सोबत एक जबाबदार प्रौढ आणि धोक्यांची लेखी यादी यांना पर्याय नाही. ही यादी नियोजनाच्या कागदपत्रांतही लावता येते. आपल्याकडेही रस्त्यावर चित्रीकरण करायचे तर याहून वेगळे काही सांगता येणार नाही. खरे तर शस्त्र घराबाहेर काढावे लागेल अशी कथाच निवडू नये.

कोणासाठी आणि कोणाबद्दल

मूल्यमापनात सात प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. प्रचलित संकेत कुठे पाळले, कुठे मोडले? समाजातील कोणत्या गटाचे चित्रण कसे केले? प्रेक्षक कोण? या शेवटच्या प्रश्नावर गंमत होई. आपला चित्रपट जहाल आहे हे दाखवण्यासाठी अनेकजण त्याला '१८' हे प्रमाणपत्र देऊन टाकत, म्हणजे तो पाहण्याचा अधिकार स्वतः निर्मात्यांनाच नसे. '१५' हे प्रमाणपत्र बहुतेक वेळा अधिक सयुक्तिक ठरते.

चित्रणाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. बळी जाणारी व्यक्ती नेहमी मुलगीच का? अमेरिकी अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मधील निबंधात अशा चित्रपटांच्या अखेरीस जिवंत उरणाऱ्या, सामना करणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' असे नाव दिले. विद्यार्थी ही संज्ञा उत्तरपत्रिकेत आवर्जून लिहितात, पण त्यांच्या दोन मिनिटांत मुलीच्या वाट्याला पळणे आणि पडणे एवढेच येते. आपल्या नमुन्यातील मुलगी निदान बल्बचा विचार करते. तिला स्वभाव आहे.

कच्चे संकलन झाले की ते पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना दाखवावे. 'आवडले का', हे विचारू नये, कारण मित्र नेहमी होच म्हणतात. पुढे काय होईल असे वाटते, ते लिहून घ्यावे. दिवा कोणी विझवला हे कोणीच विचारले नाही, तर पहिले दृश्य पुन्हा चित्रित करावे. त्यासाठी एखादी संध्याकाळ वेळापत्रकात आधीच मोकळी ठेवलेली असावी.