खडकीचे बीम आणि मारुंजीची पेटी

हिंजवडीच्या माहितीनगरीला लागून असलेल्या, मुळशी तालुक्यातील मारुंजी या गावी जेथे काल शेते होती तेथे आज गृहसंकुले उभी राहिली असून, त्यांच्या वाहनतळांच्या भिंतींवर विजेच्या मोटारीला रात्रभर वीज पुरविणारी चार्जरची पेटी आता दिसू लागली आहे. अशा काही पेट्यांच्या पोटात मोबाईलचे सिमकार्ड असते आणि त्याच्या योगे चार्जिंग केव्हा सुरू झाले, किती युनिटे खर्ची पडली, याची इत्तला मालकाच्या फोनवर व कंपनीच्या दूरच्या दप्तरात रुजू होते. ज्या जाळ्यावर हा पत्रव्यवहार चालतो ते जाळेच मोबाईल कंपनीने मोडीत काढले, म्हणजे पेटी मुकी होते. संदेशाची एक वाट बंद होऊन दुसरी उघडण्याचा प्रकार मात्र पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे दाखले आमच्या पुणे जिल्ह्यातच सापडतात.

मुंबईहून विलायतेस जाणारी तार 1870 पासून समुद्राच्या तळच्या केबलने जात असे. पुढे जुलै 1927 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते बिनतारी बीम केंद्राचे उद्घाटन झाले: खडकीहून लघुलहरींवर संदेश निघावा आणि तिकडून आलेला दौंडला उतरवून घ्यावा, अशी ती योजना होती. हा कारभार 1947 च्या प्रारंभी सरकारजमा झाला, 1986 मध्ये विदेश संचार निगमाकडे आला, आणि 2002 मध्ये निगमच खाजगी हाती गेला. तोवर लघुलहरींचे महत्त्व ओसरून गेले होते, कारण चाकणवरून नारायणगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, आर्वी येथे, 1972 पासून उपग्रहाशी बोलणारी जवळजवळ तीस मीटर व्यासाची प्रचंड तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी होती.

या सर्व स्थित्यंतरांत तार करणाऱ्या सामान्य माणसाचे काय बुडाले? काहीही नाही, कारण यंत्र तारघरात होते, त्याच्या घरात नव्हते, आणि केबलनंतर बीम आले काय किंवा बीमनंतर उपग्रह आला काय, बदलाचा खर्च ज्याची वाट त्याच्याच माथी पडे. जुलै 2013 मध्ये तारसेवा कायमची बंद झाली तीदेखील आगाऊ जाहीरनामा काढून. लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा केल्या, आणि कोणाच्याही घरातील एकही वस्तू त्यामुळे निकामी झाली नाही.

आता हा हिशेब उलटला आहे, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. लहरींची सनद मोबाईल कंपनीकडे, पेटी मात्र गृहस्थाने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन स्वतःच्या भिंतीत ठोकलेली. आपल्या देशात तिसऱ्या पिढीचे जाळे 2008 च्या डिसेंबरात दिल्लीत प्रथम आले, खाजगी कंपन्यांनी ते 2010 नंतर पसरविले, आणि एअरटेलने आपले जाळे 2020 च्या सुमारास गुंडाळलेही; त्याच लहरींवर चौथ्या पिढीची वाहतूक कितीतरी अधिक होते, हे त्याचे कारण. भिंतीवरील विद्युत्सामग्रीकडून बारा-पंधरा वर्षांची अपेक्षा ठेवणाऱ्या माणसाला हे दहा वर्षांचे आयुष्य कोणी सांगितले होते? ब्रिटनमध्ये तर 2016 पूर्वीच्या निस्सान लीफ मोटारींची ॲपसेवा 1 एप्रिल 2024 पासून जुन्या पिढीचे जाळे मावळणार या कारणाने थांबली, आणि तेथील तिसऱ्या पिढीची जाळीही त्याच सुमारास एकामागून एक मावळली. आपल्याकडे दुसरी पिढी अद्याप तग धरून आहे, आणि तिच्यावर विसंबलेली यंत्रेही.

पेटी मुकी झाली तरी मोटार अडत नाही. पेटी आणि मोटार यांच्यामधील जाड केबलमध्ये एक बारीक तार असते. तिच्यातून सेकंदाला हजार वेळा धडधडणारा संकेत मोटारीला किती अँपिअर घेण्याची मुभा आहे ते सांगतो, आणि या संभाषणाला कोणत्याही मनोऱ्याची गरज लागत नाही. खंडते ते वेळेचे नियोजन आणि हिशेबाचे दप्तर. अशा वेळी सामाईक मीटरवरून वीज घेणाऱ्या सोसायटीला जुनाच बंदोबस्त करावा लागेल: पेटीशेजारी प्रत्येकाचा उपमीटर बसवायचा, महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यावरचा आकडा वहीत उतरवायचा, आणि त्यासमोर मोटारमालकाची सही घ्यायची.