परीक्षणसंग्रहाचा मूळपुरुष

ग्रंथपरीक्षणाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण ५ जानेवारी १६६५ या तारखेपासून सुरुवात करतात. त्या दिवशी पॅरिसमध्ये डनी द सालो या न्यायाधिकाऱ्याने टोपणनावाने ‘जुर्नाल दे साव्हाँ’ हे पत्र काढले. युरोपात निघणाऱ्या नव्या पुस्तकांत काय आहे ते त्यात सांगितले जाई. काही बडी मंडळी दुखावली, १३ अंकांनंतर पत्र बंद पडले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या संपादकाच्या हाती पुन्हा सुरू झाले. तिथून १६८२ चे लाइपझिगचे ‘आक्टा एरुडिटोरुम’, मग १८०२ चे ‘एडिंबरो रिव्ह्यू’, आणि अशी ती परंपरा आजच्या त्रैमासिकांपर्यंत येते. नियतकालिकाची वंशावळ म्हणून हे सारे बरोबर आहे. पण आज कोणी संगणकावर लेखकाचे नाव टाकून साठ वर्षांपूर्वीचे परीक्षण काढून वाचतो, तेव्हा त्या संग्रहाला ही वंशावळ लावणे चुकीचे आहे. पत्रातले परीक्षण ही बातमी असते. पुस्तक नवे आहे, ते घ्यावे की नाही, हा तिथला प्रश्न. संग्रहात शिरणाऱ्याला नव्याशी कर्तव्य नसते. जे पुस्तक त्याच्या हाताशी नाही, त्यात काय होते हे त्याला हवे असते. अशा वाचकासाठी लिहिलेला परीक्षणांचा मोठा संग्रह पॅरिसच्या आठ शतके आधी कॉन्स्टँटिनोपलमध्ये झाला, आणि त्याची किंमत काय आहे हे कळायला भारताविषयीच्या एका हरवलेल्या पुस्तकापाशी जावे लागते.

क्निडसचा क्टेसियस हा ग्रीक वैद्य इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस इराणी सम्राटाच्या दरबारी होता. भारतात तो कधी आला नाही. दरबारात कानावर आले त्यावरून त्याने ‘इंडिका’ नावाचे पुस्तक लिहिले. ते पुस्तक आज जगात कुठेही नाही. इतर ग्रीक-लॅटिन लेखकांनी उचललेले तुकडे सोडले, तर ‘इंडिका’बद्दल आपल्याला जे सलगपणे ठाऊक आहे ते फोटियसने लिहिलेल्या सारांशातून. फोटियस हा नवव्या शतकातला बायझंटाइन विद्वान, पुढे कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख झाला. त्याच्या ‘बिब्लिओथेका’ या ग्रंथात २८० प्रकरणे आहेत. एकेका प्रकरणात त्याने वाचलेल्या एका ग्रंथाचा, कधी अनेक ग्रंथांचा, परिचय आहे, आणि त्यातले ७२ वे क्टेसियसचे. त्याने वाचलेल्या ग्रंथांपैकी जवळपास निम्मे आज उपलब्ध नाहीत. १८८१ मध्ये मॅक्रिंडल यांनी क्टेसियसच्या भारतवर्णनाचे इंग्रजी भाषांतर मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापले. याच मासिकात भांडारकर, तेलंग यांचे लेख येत. मुंबईच्या वाचकाच्या हाती तेव्हा जे पडले, त्याचा गाभा क्टेसियसचे पुस्तक नव्हते; त्या पुस्तकाचे हजार वर्षांपूर्वीचे परीक्षण होते. मूळ बुडाले आणि परीक्षणच मूळ होऊन बसले.

इथे दोन प्रतिस्पर्धी पुढे येतात. पहिला अलेक्झांड्रियाचा कॅलिमेकस, ज्याने तिथल्या ग्रंथालयासाठी १२० गुंडाळ्यांची सूची केली. दुसरा दहाव्या शतकातला बगदादचा इब्न अल-नदीम, ‘फिहरिस्त’चा कर्ता. दोघेही थोर, पण त्यांचे काम मुख्यतः कोणी काय लिहिले याची नोंद ठेवण्याचे. ग्रंथ आहे एवढे सूची सांगते, परीक्षणाला तो वाचावा लागतो. फोटियस वाचतो आणि मतही देतो. अमक्याची भाषा स्वच्छ, तमक्याची पाल्हाळिक, हा आव आणून प्राचीन अथेन्सच्या अॅटिक भाषेचे वळण गिरवतो, असे शेरे त्याच्या प्रकरणांतून सतत येतात. म्हणून ‘हा नुसता सारांशकार’ हा आक्षेप टिकत नाही. त्याहून महत्त्वाची आहे त्याची प्रस्तावना. भाऊ टारासियस हजर नसताना जे ग्रंथ वाचले गेले त्यांचा वृत्तान्त त्याला हवा होता, आणि फोटियस दूतमंडळाबरोबर दूरदेशी निघाला होता. म्हणून हा ग्रंथ, असे तो सांगतो. म्हणजे लेखनाचे कारणच गैरहजर वाचक. प्लेटो, अॅरिस्टॉटल यांच्या ग्रंथांना आणि बहुतेक काव्याला त्याने स्वतंत्र प्रकरणे दिली नाहीत, याचेही उत्तर मला इथेच दिसते: जे ग्रंथ शिकलेल्या माणसाच्या घरी असतातच, त्यांचा वृत्तान्त पाठवायचा कशाला?

प्रस्तावनेतल्या आणखी एका दाव्यावर अभ्यासकांचा वाद आहे. हे सारे आठवणीतून लिहिले, असे फोटियस म्हणतो. सुरुवातीच्या आटोपशीर प्रकरणांबाबत ते एकवेळ मानता येईल. पण पुढच्या प्रकरणांत मूळ ग्रंथांतले उतारेच्या उतारे येतात, आणि जिथे मूळ उपलब्ध आहे तिथे ते पुष्कळदा शब्दशः जुळतात. एवढी स्मरणशक्ती मानण्यापेक्षा त्याच्याजवळ वर्षानुवर्षांची टिपणे होती, हे मानणे सोपे. काही जण म्हणतात, भाऊ आणि दूतमंडळ ही निव्वळ साहित्यिक सजावट. ग्रंथ पुष्कळ नंतर हळूहळू जमत गेला. हे मान्य केले तरी माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही, उलट बळच येते. प्रवासाच्या घाईत एकदाच लिहिलेल्या पत्रापेक्षा टिपणांवर टिपणे रचत वाढलेला ग्रंथ हाच खरा संग्रह.

खरा अवघड आक्षेप वंशाचा आहे. फोटियस आधी झाला हे ठीक, पण त्याच्यापासून आजवर धागा कुठे आहे? पुरावा आहे तो छापखान्याचा. ‘बिब्लिओथेका’चा ग्रीक मजकूर १६०१ मध्ये आउग्सबुर्ग येथे पहिल्यांदा छापला गेला, १६०६ मध्ये लॅटिन भाषांतर आले, आणि १६५३ मध्ये ग्रीक-लॅटिन आवृत्ती निघाली ती फ्रान्समधल्या रूआँ शहरात. रूआँ पॅरिसहून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. बारा वर्षांनी द सालोचे पत्र निघाले. ग्रंथांचा इतका नाद असलेल्या माणसाने शेजारच्या शहरात निघालेला हा पोथीभर परीक्षणांचा ग्रंथ पाहिला नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. तरी जवळीक म्हणजे जन्म नव्हे, आणि द सालोने बातमीपत्र काढले, ग्रंथसंग्रह नव्हे. म्हणून मी रक्ताचा दावा सोडतो आणि दत्तकाचा करतो. दत्तक घराण्यात येतो तो गरजेपोटी, आणि आल्यावर घराणे त्याच्याच नावाने चालते. परीक्षणांना गैरहजर वाचक पुन्हा भेटला तेव्हा त्यांनी द सालोची रीत सोडून फोटियसची उचलली.

हे घडले ते साहित्यात नव्हे, गणितात. १८६८ पासूनच्या गणिती लेखनाचा आढावा घेणारे एक जर्मन वार्षिक होते. त्याचे खंड वर्षानुवर्षे उशिरा निघत. १९३१ मध्ये ओटो न्यूगेबाउअरने ‘त्सेंट्रालब्लाट’ सुरू केले: जगभरच्या गणिती लेखांची आणि पुस्तकांची लहान, सहीची, विषयवार लावलेली परीक्षणे. हा न्यूगेबाउअर कोण, हे पाहिले की माझा संशय पक्का होतो. तो बॅबिलोनच्या कीलाक्षर पाट्यांवरचे गणित वाचणारा इतिहासकार होता. तुकड्यातून बुडालेले ज्ञान उभे करणे हा ज्याचा धंदा, त्यालाच सगळ्या गणिताचा नीट लावलेला साठा करावासा वाटला, हा योगायोग मानायला मी तयार नाही. नाझी सत्तेवर आल्यानंतर तो कोपनहेगनहून संपादन करू लागला. १९३८ मध्ये इटालियन ज्यू गणिती लेव्ही-चिव्हिटाचे नाव संपादक मंडळातून काढले गेले, तेव्हा न्यूगेबाउअरने राजीनामा दिला. आणखीही काही जण बाहेर पडले. तो अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात गेला आणि जानेवारी १९४० मध्ये ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’चा पहिला अंक निघाला. युद्धाने नियतकालिकांची ये-जा तोडली, पुढे रशियन लेखांची भाषा आडवी आली, आणि मूळ लेख हाती नसलेल्या वाचकासाठी परीक्षण हेच वाचनाचे साधन झाले. रसायनशास्त्राकडे असे सारसंग्रह याआधीच होते, हे खरे. पण त्यांचा भर कोणते द्रव्य कोणत्या लेखात आले यावर. लेखाची सिद्धता पोकळ आहे, हे सही करून सांगण्याची मुभा गणिताने दिली.

संगणकाने यात नवे तत्त्व काही आणले नाही, दार रुंद केले. ‘ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू’ हे प्राचीन ग्रीस-रोमविषयक ग्रंथांचे परीक्षणपत्र १९९० पासून विद्युत रूपात निघते आणि सर्वांना खुले आहे. १९९५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘जेस्टोर’ने जुन्या नियतकालिकांचे खंडच्या खंड चित्रित केले, आणि त्यांच्या शेवटच्या पानांत पुरलेली परीक्षणे शोधता येऊ लागली. ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’ १९९६ मध्ये ‘मॅथसायनेट’ या नावाने जालावर आले. ‘त्सेंट्रालब्लाट’चा संग्रह २०२१ पासून विनामूल्य खुला आहे आणि ते जुने १८६८ पासूनचे वार्षिकही त्यात सामावले आहे. शैक्षणिक माहितीपटांची परीक्षणे साठवणारे ग्रंथपालांचे संग्रह हे त्यातले धाकटे भावंड. वितरक उठून गेला की माहितीपट पाहायला मिळणे पुस्तकापेक्षा अवघड. तिथे तर परीक्षणावाचून गती नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो वापराचा आहे: मुळाच्या जागी परीक्षण वाचणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे नव्हे का? आहेच, आणि त्याचा धोका किती हेही फोटियसच दाखवतो. त्याच्या सारांशात क्टेसियसचा भारत कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांनी, बुटक्यांनी, एकशिंगी रानगाढवांनी आणि माणसाच्या चेहऱ्याच्या नरभक्षक श्वापदाने भरला आहे. आज आपल्याला क्टेसियस थापाड्या वाटतो तो पुष्कळसा यामुळे. पण नवल तेवढे ठेवून बाकीचे कोणी गाळले, लेखकाने की परीक्षकाने? याची परीक्षा करायला एक सोय आहे. फिलोस्ट्रेटस या ग्रीक लेखकाने लिहिलेले अपोलोनियस या तत्त्वज्ञाचे चरित्र आजही आहे, त्यातही भारतयात्रा आहे, आणि फोटियसने त्याचे परीक्षण दोनदा केले: ४४ व्या प्रकरणात आणि २४१ व्या. पहिल्यात ब्राह्मणांजवळ वारा आणि पाऊस भरलेले रांजण होते वगैरे भाकडकथांवर तो तुटून पडतो. दुसऱ्यात त्याच पुस्तकातले उतारे भाषेच्या गोडीसाठी वेचतो. पहिलेच प्रकरण उरले असते, तर फिलोस्ट्रेटसही आपल्याला नुसता भाकडकथाकार वाटला असता. क्टेसियसचे आपल्याजवळ एकच प्रकरण आहे.

यातून संग्रह वापरण्याची रीत निघते. एका ग्रंथाचे एकच परीक्षण वाचून उठू नये. दुसरे शोधावे, आणि शक्यतो वेगळ्या देशातले. १९३८ च्या फाटाफुटीमुळे गणिताचे दोन संग्रह झाले, त्याचा एवढा फायदा तर पदरात पडला की पुष्कळ लेखांना दोन वाचक लाभले. परीक्षकाचे नाव टाकून त्याची इतर परीक्षणे काढावीत: तो नेहमी कशावर चिडतो आणि कशाने भुलतो हे कळले, की त्याने काय गाळले असेल याचा अंदाज बांधता येतो. परीक्षणाचे साल पाहावे. कागदी खंडांत हे सारे करायला महिने गेले असते. तुलनेची ही सोय टारासियसला नव्हती. त्याला एका भावाचे वाचन मिळाले आणि त्यावर विश्वास ठेवणे भाग होते. आज ‘ब्रिन मॉर’च्या संग्रहात क्टेसियसचे नाव टाकले, तर त्याच्या उरलेल्या तुकड्यांच्या नव्या ग्रंथांची परीक्षणे मिळतात, म्हणजे फोटियसच्या परीक्षणावर उभ्या असलेल्या ग्रंथाचे परीक्षण. द सालोच्या वंशावळीत या साखळीला जागा नाही, कारण बातमी शिळी झाली की तिचे काम संपते. संग्रहातल्या परीक्षणाचे काम पुस्तक हातातून गेल्यावर सुरू होते, आणि ते काम कोणत्या रीतीने करावे व कोणत्या चुका टाळाव्यात, या दोन्हींचे पहिले उदाहरण फोटियसचे आहे.