ल प्वीची वाट

ल प्वीची वाट : फ्रान्समधील ल प्वी-आं-व्हले या गावापासून स्पेनच्या सीमेजवळच्या सें-झां-प्ये-द-पोरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जाणारा हा पायी यात्रेचा मार्ग असून, तो पुढे पिरेनीज पर्वत ओलांडून जेथे संत याकोबाची समाधी असल्याचे मानले जाते त्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या वाटेला मिळतो. ल प्वीचा बिशप, म्हणजे तेथील धर्मप्रांताचा प्रमुख, गोदेस्काल्क इ. स. ९५०-५१ मध्ये सांतियागोला गेला होता; वाटेत आल्बेल्दा मठातील भिक्षूने त्याच्यासाठी नकलून दिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेमुळेच ही यात्रा आज ज्ञात आहे, आणि एका नकलकाराच्या चार ओळींचे हे मोल विसरता येण्याजोगे नाही. मार्गातील सर्वांत कठीण टप्पा ओब्राकच्या उघड्या, वाऱ्याच्या पठाराचा. धुक्यात व हिमवर्षावात वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून तेथील मध्ययुगीन धर्मशाळेत घंटा वाजवली जाई. युनेस्कोने १९९८ साली फ्रान्समधील सांतियागो-मार्गांना जागतिक वारसा ठरवताना ७१ वास्तूंबरोबर पायवाटेचे जे सात तुकडे निवडले, ते सातही याच वाटेवरचे आहेत. आजचे यात्रेकरू ‘झीत’ नावाच्या साध्या सामायिक निवासांत मुक्काम करतात आणि प्रत्येक मुक्कामी यात्रापत्रावर शिक्का घेतात.