धगधगत्या वाळूच्या पोटात

आलापल्लीच्या लाकूड-आगारात जाणता माणूस सागाच्या ओंडक्यावर कुऱ्हाडीची पाठ आपटतो आणि नाद ऐकून तो भरीव की पोकळ हे सांगतो. शंका उरलीच, तर करवत असतेच. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या चिरून पाहता येत नाहीत. वाळूचा उकळता थर ही त्यांपैकी एक होय.

जाळीवर वाळू पसरून खालून पुरेशा वेगाने हवा सोडली, की कण सुटे होतात आणि थर पाण्यासारखा खदखदू लागतो. धानाचे तूस जाळणारे अनेक बॉयलर याच तत्त्वावर चालतात. तेव्हा धान पिकविणाऱ्या आपल्या मुलखाला हा विषय परका नाही. आत काय चालते ते पाहावे, तर वाळू अपारदर्शक. हवा बंद करून पाहावे, तर उरते नुसती वाळू. जे पाहावयाचे तेच नाहीसे होते!

तरीही जगाने कारखाने आधी उभारले. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांच्या पद्धतीने १९२६ मध्ये अशा थरात कोळशापासून वायू तयार होऊ लागला. १९४२ मध्ये अमेरिकेत बॅटन रूज येथे खनिज तेलाच्या भंजनासाठी हीच युक्ती वापरली गेली. हे यश खरे. पण त्याच देशात ब्राउन्सव्हिल येथे नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करण्याचा कारखाना १९५० नंतर अडखळला. अरुंद नळीत उत्तम उतरलेली क्रिया विशाल पात्रात अपेक्षेइतकी उतरेना. इतर अडचणीही होत्या. १९५७ मध्ये तो बंद पडला.

दोष कोठे होता? मोठ्या पात्रात वायूचे बुडबुडे मोठे होतात, आणि बराचसा वायू कणांना न भेटताच निसटतो. हे बुडबुडे प्रत्यक्ष दाखविले ते क्ष-किरणांनी. रो आणि पार्ट्रिज या इंग्रज संशोधकांनी १९६५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. बुडबुडा आपल्या पाठीमागे कणांचा पुंजका ओढीत वर जातो आणि त्यानेच थर घुसळला जातो, हेही अशाच निरीक्षणांतून स्पष्ट झाले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात एकाच किरणोत्सारी कणाचा माग काढण्याची रीत निघाली. त्या कणातून उलट दिशांनी सुटणाऱ्या गॅमा किरणांच्या जोड्या टिपावयाच्या. त्यांच्या रेषा जेथे छेदतात तेथे कण.

आपणही या विद्येला पारखे नाही. तुर्भे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. पुढे मुंबई बंदरात स्कँडियम-४६ मिसळलेली काचेची पूड सोडून, उपसलेला गाळ फिरून परत येतो काय, हे तपासले गेले. पात्र बदलले, प्रश्न तोच: दिसत नाही तो कण जातो कोठे?

यंत्र १९२६ चे, त्याचे दर्शन १९६५ चे. मधल्या चाळीस वर्षांत अंदाजावर मोठाली पात्रे उभी राहिली आणि त्या अंदाजांची किंमतही मोजावी लागली. पाहण्याची साधने महाग असतात खरी. न पाहता बांधणे त्याहून महाग पडते, असे आम्हांस वाटते.