तळटीप : .४५ची टोपी

* लेखकाचा वैताग कळायला काडतुसाचे बूड पाहावे लागते. पितळी पुंगळीच्या बुडाशी मधोमध बसवलेली छोटी टोपी म्हणजे प्रायमर. फायरिंग पिन आपटली की तिच्यातला मसाला पेटून ज्वाळा आतल्या दारूपर्यंत जाते. अमेरिकेत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. पिस्तुलाच्या प्रायमरचे व्यास दोन : ०.१७५ आणि ०.२१० इंच. .४५ एसीपी काडतुसाला पूर्वापार मोठाच लागे. अलीकडे छोट्या प्रायमरच्या पुंगळ्याही निघतात, त्या ढिगात मिसळल्या की पुंगळ्या भरायचे यंत्र अडते. वैताग तो एवढाच. खरा धोका वेगळा : रायफलचा मोठा प्रायमर व्यासाने तेवढाच, पण उंचीला जास्त, पिस्तुलाच्या पुंगळीत तो बुडाबाहेर डोकावतो. ‘मॅग्नम’ प्रायमरची ज्वाळा जोरकस, सहज न पेटणाऱ्या दारूसाठी. नुसत्या नावाला भुलून तो वापरला तर दाब वाढू शकतो. पुढच्या परिच्छेदातली ‘बर्डन’ पुंगळी युरोपीय वळणाची. तिच्या बुडाला सहसा दोन बारीक छिद्रे असतात, त्यामुळे जुना प्रायमर यंत्राच्या मधल्या पिनेने ढकलून निघत नाही. गंमत म्हणजे ही पद्धत काढणारा बर्डन अमेरिकी होता, आणि अमेरिकेत रुजली ती इंग्रज अधिकारी बॉक्सरची पद्धत. — संपादक