नाव आणि स्वामित्व : फ्लॉरेन्स बॅलार्ड यांची कारकीर्द

गायकवृंदाचे नाव गायकांचे की त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कायद्याचा वाटतो. तथापि अमेरिकेतील सोल संगीताच्या इतिहासात तो एका कलावतीच्या अवघ्या आयुष्याचा प्रश्न ठरला. फ्लॉरेन्स बॅलार्ड (१९४३–१९७६) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

डेट्रॉइटमधील ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या बॅलार्ड यांच्याभोवती १९५९ मध्ये ‘प्रायमेट्स’ हा मुलींचा वृंद उभा राहिला. मेरी विल्सन व डायना रॉस या त्यांच्या सहगायिका होत. १९६१ मध्ये मोटाउन कंपनीशी करार होताना नव्या नावाची निकड भासली. तेव्हा ‘सुप्रीम्स’ हे नाव बॅलार्ड यांनीच निवडले. त्यांचा आवाज भरदार, गॉस्पेल वळणाचा होता. त्याच वर्षीच्या ‘बटर्ड पॉपकॉर्न’ या गीतात प्रमुख स्वर त्यांचाच आहे.

पुढे कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी यांनी प्रमुख स्वर रॉस यांच्याकडे सोपविला. या निर्णयाकडे केवळ व्यक्तिगत पक्षपात म्हणून पाहणे अपुरे होईल. मोटाउनला श्वेतवर्णीय श्रोत्यांचीही बाजारपेठ हवी होती, आणि रॉस यांचा पातळ, स्पष्ट स्वर त्या हेतूस अनुकूल होता. १९६४–६५ मध्ये वृंदाची लागोपाठ ५ गीते अमेरिकेतील लोकप्रियतेच्या क्रमवारीत पहिली आली. परंतु याच यशाच्या काळात वृंदातील समानता लोपत गेली. १९६७ मध्ये बॅलार्ड यांना दूर करून सिंडी बर्डसाँग यांना घेण्यात आले, आणि वृंदाच्या नावाआधी रॉस यांचे नाव जोडले गेले.

विभक्त होतानाच्या करारान्वये बॅलार्ड यांना स्वतःच्या प्रसिद्धीसाठी ‘सुप्रीम्स’ या नावाचा उपयोग करता येईना. १९६८ मध्ये एबीसी कंपनीने काढलेल्या त्यांच्या २ ध्वनिमुद्रिका चालल्या नाहीत. १९७१ मध्ये मोटाउनविरुद्ध त्यांनी लावलेला दावा फेटाळला गेला. दारिद्र्यात शासकीय साहाय्य घेण्याची वेळ आली, आणि २२ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या शोकांतिकेचे कारण बहुधा मद्यासक्ती व स्वभाव यांत शोधले जाते. त्यांत तथ्यांश असेलही. परंतु तेवढ्यावर थांबणारा इतिहास कराराची कलमे वाचावयाचे विसरतो. ज्या नावाची निवड बॅलार्ड यांनी केली, त्याचे स्वामित्व त्यांच्याकडे कधीच नव्हते, ही गोष्ट त्यांच्या स्वभावातून नव्हे, तर त्या व्यवसायाच्या रचनेतूनच उलगडते.