भुईवर जुळलेलं छप्पर

सोलापूरच्या नवी पेठेत दुकानाच्या गच्चीवर पत्रा टाकायचा तर काम रात्रीच करावं लागतं. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाजार उठला की फॅब्रिकेशनवाला अँगल रस्त्यातच मांडतो, कैच्या आडव्या ठेवून वेल्डिंग करतो. दोन्ही कर्णांना टेप लावायची, माप सारखं आलं की काटकोन बरोबर. मग चेन कप्पीने एकेक कैची वर. गोम एकच आहे: उभी कैची भक्कम असते, पण आडवीची उभी करताना ती बाजूला लचकते. म्हणून तिला आधी एक बल्ली बांधतात.

जुन्या सोलापुरात असं काही शक्यच नव्हतं. माळवदाच्या घरात खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, किलचा, मग पाला, आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी पुन्हा पांढरी माती टाकायची, ती वेगळीच. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशा छपराखाली झोप लागते, पण एवढं वजन उचलणार कोण? ते जागेवरच थराथराने चढवायचं. पुढे 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली. मागांच्या मध्ये खांबांची गर्दी चालत नाही, आणि लांब गाळ्यावर मातीचं ओझं पेलवत नाही. गिरण्यांच्या शेडना हवी होती कैची आणि पत्रा. छप्पर हलकं झालं, आणि हलकं झालं म्हणूनच खाली जुळवून वर नेता येऊ लागलं.

लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मधल्या भागातल्या लाकडी कमानीही अशाच खाली जोडून वर खेचल्या होत्या. ओसाकाच्या 1970 च्या एक्स्पोत तर हद्दच झाली. वास्तुविशारद केंझो टांगे यांच्या चौकाचं 108 मीटर रुंद आणि सुमारे 292 मीटर लांब पोलादी छत जमिनीवर जुळवलं आणि जॅक लावून सहा खांबांवर 30 मीटर उंच चढवलं. जोडकाम खाली झालं की उंचावरून माणूस पडण्याचा धोका कमी, आणि सांधा नीट बसलाय की नाही हे वाकून बघता येतं.

तरी मला विचाराल तर या विद्येतले खरे वस्ताद सर्कसवाले. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1879 मध्ये मुंबईत आलेली कियारिनीची इटालियन सर्कस पाहिली आणि पुढच्याच वर्षी स्वतःची काढली. पुढे देवल, कार्लेकर अशी मराठी सर्कसवाल्यांची रांगच लागली. सर्कशीचा मोठा तंबू कसा उभा राहतो ते बघण्यासारखं असतं. आधी मधले उंच खांब ताणदोरांवर उभे करतात. कापडाचे पट्टे खांबांभोवती जमिनीवर पसरून, कडांना दोऱ्या ओवून एकमेकांना शिवल्यासारखे जोडतात. मधल्या कापडाची कड प्रत्येक खांबाभोवतीच्या लोखंडी कड्याला बांधलेली. कप्पीवरचा दोर ओढायला माणसं लागतात, कधी हत्तीही लावत. कडं खांबावरून सरकत वर गेलं की सगळं छत एकदम उचलतं. मग खालून आत शिरून बाजूचे खांब सारायचे, खुंट्यांचे दोर आवळायचे, आणि भिंतींचं कापड सगळ्यात शेवटी. गवंड्याच्या हिशेबात हे पार उलटं काम.